लग्नाविना संसार : कायदा तुम्हाला कोण मानतो आणि कोणते कागद आधी करायचे

कापडी पिशवीतून त्यांनी एकेक कागद टेबलावर काढून ठेवला. रबर लावलेला लाइट बिलांचा गठ्ठा. गॅसचं पुस्तक. गणपतीच्या आरतीला दोघं शेजारी उभे असलेला, कडा पिवळ्या पडलेला फोटो. एका खासगी दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड. सोळा वर्षं एका घरात राहिल्यानंतर जोडीदार झोपेतच गेला आणि तेरावं झाल्यावर त्याच्या भावाने फ्लॅटचं कुलूप बदललं. लाइट बिल त्याच्या नावाचं, गॅस त्याच्या नावाचा, फ्लॅटचा करारही एकट्या त्याच्या नावाचा. बाईंनी एकच प्रश्न विचारला, "मॅडम, एवढी वर्षं राहिलो म्हणजे कायद्याने मी बायकोच ना?"

वकिलीत हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला आहे की त्याचं उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवावं असं वाटलं. उत्तर असं : नुसती वर्षं मोजून कुणी नवरा-बायको होत नाही. पाच वर्षं, सात वर्षं, दहा वर्षं असा कुठलाही आकडा भारताच्या कायद्यात नाही. कायदा बघतो ते तुमचं वागणं आणि तुमचे कागद. आणि हे कागद दोघांचं गोडीगुलाबीने चाललेलं असताना दोन-तीन सुट्यांत होऊन जातात. नंतर तेच मिळवायला कोर्टात वर्षं जातात.

एक गोष्ट आधीच मोकळी करते. दोन सज्ञान माणसांनी लग्न न करता एकत्र राहणं हा भारतात गुन्हा नाही. २०१० मध्ये खुशबू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट सांगितलं आहे. घरमालक, सोसायटीचा सेक्रेटरी किंवा लॉजवरचा मॅनेजर "हे बेकायदेशीर आहे" म्हणाला तर ते त्याचं मत झालं, कायदा नव्हे. पण गुन्हा नसणं वेगळं आणि हक्क असणं वेगळं. खरी अडचण या दोन्हींच्या मधल्या जागेत आहे.

पहिली पायरी : तुम्ही नक्की कुठल्या खणात बसता?

सल्ला विचारायला येणारे बहुतेक जण ही पायरी गाळून थेट "माझे हक्क काय" यावर येतात. हक्क या पायरीवरच ठरतात, म्हणून इथे जरा थांबू.

दोघंही अविवाहित, घटस्फोटित किंवा विधुर-विधवा आहात, म्हणजे मनात आणलं तर उद्या लग्न करू शकता, आणि चारचौघांत नवरा-बायकोसारखे राहता, असं असेल तर तुमची बाजू सगळ्यात भक्कम. घरगुती हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा अशा नात्याला "विवाहसदृश नातं" म्हणतो. २०१० च्या वेलुसामी निकालात न्यायालयाने त्याच्या अटी सांगितल्या : समाजात पती-पत्नीसारखं वावरणं, लग्नाचं वय पूर्ण असणं, लग्नाला कायदेशीर अडसर नसणं आणि स्वखुशीने बराच काळ एकत्र राहणं. २०१३ च्या इंद्रा शर्मा निकालाने कसोट्या वाढवल्या : किती काळ राहिलात, घर एकच होतं का, पैसे एकत्र होते का, घरकाम आणि जबाबदाऱ्या कशा वाटून घेतल्या होत्या, शरीरसंबंध, मुलं, नातेवाईक-मित्रांत वावर, दोघांचा हेतू. यातली एकच गोष्ट दाखवून भागत नाही, चित्र सगळं मिळून बघतात.

याच खणात आणखी एक आधार आहे. स्त्री-पुरुष दीर्घकाळ पती-पत्नीसारखे राहिले तर त्यांचं लग्न झालेलं असावं, असं न्यायालय गृहीत धरू शकतं. पूर्वीच्या पुरावा कायद्यात हे कलम ११४ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ११९ आहे. पन्नास वर्षं एकत्र राहिलेल्या एका जोडप्याबाबत १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच गृहीतक लावलं आणि २०२२ मध्येही ते पुन्हा उचलून धरलं. मात्र हे गृहीतक खोडून काढता येतं. "आम्ही कधी लग्न केलंच नव्हतं" हे विरुद्ध बाजूने दाखवून दिलं की ते कोसळतं.

यातला पेच नीट समजून घ्या. विचारपूर्वक लग्न न करता राहणारी, सगळ्यांना तसं उघड सांगणारी प्रामाणिक जोडपी या गृहीतकाच्या बाहेर पडतात. कायद्याचं संरक्षण लग्नासारखं दिसण्यावर उभं आहे. तुम्ही "पार्टनर" म्हणूनच राहत असाल तर पुढच्या पायऱ्यांवरचे कागद तुमच्यासाठी अधिकच गरजेचे.

दुसरा खण अवघड. दोघांपैकी एकाचा जोडीदार हयात आहे आणि घटस्फोट झालेला नाही. "दहा वर्षं वेगळेच राहतात", "तिने लिहून दिलंय", "गावच्या बैठकीत सोडचिठ्ठी झाली" हे मी रोज ऐकते. सोडचिठ्ठीची रूढी त्या समाजात खरोखर आहे हे पुराव्याने सिद्ध झालं तरच ती चालते, नाहीतर न्यायालयाचा हुकूमनामा लागतो. इंद्रा शर्मा प्रकरणात पुरुष विवाहित आहे हे त्या स्त्रीला माहीत होतं, म्हणून अठरा वर्षांच्या सहवासानंतरही तिचं नातं विवाहसदृश ठरलं नाही. मला हा निकाल आजही कठोर वाटतो, पण कायदा तोच आहे. पुरुषाने पहिलं लग्न लपवून फसवलं असेल तर गोष्ट बदलते. २०१३ च्या महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात अशा स्त्रीला पोटगीपुरती पत्नी मानलं गेलं. म्हणून नव्या घरात सामान हलवण्याआधी समोरच्याचा घटस्फोटाचा हुकूमनामा डोळ्यांनी बघा, त्याची प्रमाणित प्रत मागा, अपील चालू नाही ना याची खात्री करा. यात संशय घेण्यासारखं काही नाही. फ्लॅट घेताना आपण सर्च रिपोर्ट काढतोच.

तिसरा खण समलिंगी जोडप्यांचा. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने त्यांना लग्नाचा हक्क मिळाला नाही. जोडीदारासोबत राहायला आडकाठी नाही, आणि संयुक्त बँक खातं उघडायला किंवा जोडीदाराला नॉमिनी करायला बंधन नसल्याचं अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं. पण वारसा, पोटगी यातलं आपोआप काही मिळत नाही. त्यांच्यासाठी मृत्युपत्र ही पहिली पायरी समजावी.

दुसरी पायरी : लग्न झालं असं तुम्हाला वाटतंय, पण झालंय का?

हे विचारायचं कारण म्हणजे "नोटरी लग्न". पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर "आम्ही पती-पत्नी म्हणून राहत आहोत" असं लिहायचं, दोन फोटो चिकटवायचे, नोटरीचा शिक्का मारायचा. मुलं-मुली तो कागद जपून ठेवतात आणि लग्न झालं म्हणून सांगतात. त्याने लग्न होत नाही. नोटरीला लग्न लावायचा अधिकारच नाही. फार तर दोघं एकत्र राहत होते, याचा तो एक पुरावा.

याच्या उलटही घडतं. नोंदणी प्रमाणपत्र आहे, पण विधी झालेलेच नाहीत. व्हिसासाठी घाईने प्रमाणपत्र काढून "खरं लग्न नंतर थाटात" असं ठरवणारे कितीतरी. हिंदू विवाह कायद्याखाली विधीच झाले नसतील तर निव्वळ प्रमाणपत्राने लग्न सिद्ध होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये बजावलं आहे. विधी नको असतील तर विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने लग्न करा. ३० दिवसांची नोटीस द्यायची, तीन साक्षीदार आणायचे आणि विवाह अधिकाऱ्यासमोर सही करायची.

गोव्यात वेगळीच गफलत होते. तिथे लग्न नागरी नोंदणीनेच होतं आणि ते दोन टप्प्यांत : आधी इरादा जाहीर करायची पहिली सही, मग मुदत गेल्यावर दुसरी. पहिली सही करून दुसरीला न गेलेले लोक आपलं लग्न झालं असं धरून चालतात. दुसऱ्या सहीशिवाय ते होत नाही, आणि लग्नच नसेल तर गोव्याच्या कायद्याने पती-पत्नीला मिळणारा मालमत्तेतला निम्मा वाटाही नाही. गोव्याच्या वाचकांनी आणखी एक लक्षात ठेवावं. मुलं किंवा आई-वडील असे हक्काचे वारस असतील तर सगळी मालमत्ता मृत्युपत्राने जोडीदाराला देता येत नाही, निम्म्यावर वारसांचा राखीव हक्क असतो.

तिसरी पायरी : पुराव्याची फाइल

एक साधी क्लिपची फाइल घ्या. ती घरात ठेवू नका. बहिणीकडे, मैत्रिणीकडे किंवा लॉकरमध्ये ठेवा, आणि प्रत्येक कागदाचा स्कॅन स्वतःच्या ईमेलवर पाठवा. घराबाहेर काढलेल्या बाईचे कागद घरातच अडकलेले असतात, हे मी वारंवार पाहिलं आहे.

त्यात पहिला कागद भाडेकराराचा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं बंधनकारक आहे, तो घरबसल्या ऑनलाइन होतो, आणि त्यात दोघांचीही नावं लायसन्सी म्हणून घालता येतात. "एकाचंच घाला, सोपं पडतं" असं एजंट म्हणेल. ऐकू नका. दोघांची नावं, एक पत्ता, तारीख आणि सरकारी नोंदणी, इतकं सगळं एकाच कागदात दुसरीकडे कुठे मिळत नाही. मग आधारवरचा पत्ता, एखादं बिल दुसऱ्याच्या नावाने, संयुक्त खात्याचं स्टेटमेंट, घरखर्चाचे यूपीआय व्यवहार, एकत्र प्रवासाची तिकिटं, दोघांच्या नावाने आलेल्या लग्नपत्रिका. शेजारी आणि दोन्हीकडच्या नातेवाइकांपैकी कोण साक्ष देईल, त्यांची यादीही.

सगळ्यात वजनदार ठरतो तो जोडीदाराने स्वतःच्या हाताने तुमचं नातं जिथे लिहिलं आहे तो कागद. त्या बाईंच्या पिशवीत आम्हाला आधार मिळाला तो डिस्चार्ज कार्डावर. दोन वर्षांपूर्वी तो ॲडमिट असताना फॉर्मवर त्याने स्वतः "नातेवाईक : पत्नी" लिहून खाली सही केली होती. दोघंही लग्नाला मोकळे होते, त्यामुळे गृहीतकाचा दावा उभा राहिला. त्याने मृत्युपत्राचं एक पान लिहून ठेवलं असतं, तर या दाव्याची वेळ आली नसती.

चौथी पायरी : घर आणि पैसा

लग्नाच्या जोडीदाराला कायदा ज्या सवलती देतो त्यातली एकही तुम्हाला मिळत नाही. सगळ्यात जास्त ठेच इथेच लागते.

त्याने पूर्ण पैसे भरून फ्लॅट तिच्या नावावर घेतला, असं समजा. पत्नी किंवा मुलांच्या नावाने ज्ञात उत्पन्नातून घेतलेली मालमत्ता बेनामी कायद्याच्या, म्हणजे दुसऱ्याच्या नावाने मालमत्ता घ्यायला मनाई करणाऱ्या कायद्याच्या, अपवादात बसते. लग्न न झालेला जोडीदार त्या अपवादात नाही. म्हणजे नंतर "पैसे माझे होते, फ्लॅट माझाच" म्हणून दावा लावायला गेलं तर बेनामी कायदाच आडवा येतो. म्हणून करारनाम्यातच दोघांची नावं आणि हिस्से टक्केवारीत लिहा, ६०-४० असतील तर तसंच, आणि ज्याने जेवढे पैसे भरले तेवढे त्याच्याच खात्यातून गेलेले दिसू द्या. हप्ते भरणारा एक आणि किराणा-फी सांभाळणारा दुसरा, अशी वाटणी बहुतेक घरांत असते. पुढे हप्त्याची पावती राहते, किराण्याची राहत नाही. घर सांभाळणाऱ्याने हप्त्यातला थोडा का होईना भाग स्वतःच्या खात्यातून भरावा. गृहकर्जाला सहअर्जदार म्हणून लग्नाविना जोडीदार अनेक बँकांना चालत नाही. बुकिंगचे पैसे भरण्याआधी बँकेकडून लेखी होकार घ्या.

आधीच एकाच्या नावावर असलेलं घर बक्षीसपत्राने दुसऱ्याला द्यायचं म्हटलं तर दोन फटके बसतात. महाराष्ट्रात राहतं घर पती, पत्नी, मुलं, नातवंडांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. जोडीदाराला दिलं तर खरेदीखताइतकं पूर्ण शुल्क. वर आयकर : नातेवाईक नसलेल्याकडून वर्षाला ५०,००० रुपयांहून अधिक भेट मिळाली की ती घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते, आणि आयकर कायद्याच्या "नातेवाईक" या व्याख्येत लग्नाविना जोडीदार नाही. मृत्युपत्राने मिळालेल्या मालमत्तेवर मात्र हा कर लागत नाही आणि मृत्युपत्राला मुद्रांकही लागत नाही. त्यामुळे बहुतेकांना मी बक्षीसपत्राऐवजी मृत्युपत्राकडे वळवते.

"लिव्ह-इन ॲग्रीमेंट" करावं का, असं हल्ली खूप जण विचारतात. खर्च कसा वाटायचा, कुठली वस्तू कुणाची, वेगळं व्हायचं झालं तर डिपॉझिट कुणाला, किती दिवसांत घर सोडायचं, इतकं लिहून दोघांनी सह्या केल्या तर तो उपयोगी पुरावा होतो. पण "पोटगी मागणार नाही", "पोलिसांत जाणार नाही" असली कलमं त्यात घालू नका. कायद्याने दिलेलं संरक्षण करारावरच्या सहीने काढून घेता येत नाही.

पाचवी पायरी : नॉमिनी आणि मृत्युपत्र

मृत्युपत्र न करता माणूस गेला तर हिंदू वारसा कायद्याच्या यादीत आई, पत्नी, मुलं, नंतर वडील, भावंडं, पुतणे आहेत. जोडीदार कुठेच नाही. स्त्रीच्या बाबतीत तर आणखी विचित्र आहे. विधवा बाईला मूलबाळ नसेल तर तिने स्वतः कमावलेली मालमत्ताही तिच्या माहेरच्या आधी दिवंगत नवऱ्याच्या वारसांकडे जाते. साठीनंतर सोबतीने राहणाऱ्या कितीतरी बायकांना हे ठाऊक नसतं. पुनर्विवाह केला तर पहिल्या नवऱ्याचं कुटुंब निवृत्तिवेतन अनेक नियमांखाली बंद होतं, म्हणून त्या लग्न न करता राहतात. त्यांचा निर्णय समजण्यासारखा आहे, पण मग मृत्युपत्र त्याच आठवड्यात व्हायला हवं.

"मी त्याला नॉमिनी केलंय" एवढ्यावर निर्धास्त राहू नका. नॉमिनी हा पैसे हातात घेणारा, मालक नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सबाबतही सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. विम्यात आई-वडील, पती-पत्नी आणि मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांच्या मालकीची होते, जोडीदाराला तो लाभ नाही. हाउसिंग सोसायटीत नॉमिनी तात्पुरता सदस्य होतो, घराची मालकी वारसाच्या किंवा मृत्युपत्राच्या जोरावरच ठरते. पीएफचा नियम आणखी कडक : नियमात बसणारं कुटुंब असेल तर बाहेरच्या माणसाचं नामांकन चालतच नाही, आणि नसेल तेव्हा केलेलं नामांकन पुढे कुटुंब झालं की रद्द होतं. तरीही बँकेत नॉमिनेशन कराच. १ नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी ठेवता येतात. पैसा लवकर हाती येतो आणि तो कुणाचा हे मृत्युपत्र ठरवतं. दोन्ही कागदांत एकच नाव असलं की भांडायला जागा कमी.

मृत्युपत्र साध्या कागदावर, मराठीत, स्वतःच्या हाताने लिहिलं तरी चालतं. सही करताना दोन साक्षीदार समोर हवेत आणि त्यांनीही सही करायची. जोडीदाराला साक्षीदार करू नका. "माझ्यासोबत अमुक वर्षापासून राहणाऱ्या" असं लिहून जोडीदाराचं पूर्ण नाव टाका, आणि सख्ख्या नातेवाइकांना का देत नाही याचं एक वाक्य लिहा. त्या एका वाक्याने पुढचे आक्षेप बोथट होतात. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे करून घ्या, आणि वय साठच्या पुढे असेल तर त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला जोडा. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही. शेतजमीन बिगरशेतकरी जोडीदाराला द्यायची असेल तर कूळ कायद्याचं कलम ६३ आडवं येतं, त्याआधी सातबारा घेऊन वकिलाकडे जा.

सहावी पायरी : दवाखान्याच्या दारात

आयसीयूबाहेर "पेशंटचे कोण?" असं विचारलं जातं, तेव्हा "पार्टनर" म्हटल्यावर नर्स घुटमळते आणि गावाहून भाऊ येईपर्यंत फॉर्म तसाच राहतो. यासाठी दोन कागद लागतात. एक साधं अधिकारपत्र : माझ्या उपचारांची माहिती द्यावी, भेटू द्यावं, निर्णयात सहभागी करावं, असं स्पष्ट लिहिलेलं. दुसरा वैद्यकीय पूर्वनिर्देश, म्हणजे लोक ज्याला लिव्हिंग विल म्हणतात तो. सर्वोच्च न्यायालयाने तो २०१८ मध्ये मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये सोपा केला. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आपल्या वतीने कोण बोलेल त्याचं नाव त्यात घालता येतं. कुलमुखत्यारपत्रावर मात्र विसंबू नका. देणारा माणूस निर्णय घेण्याच्या अवस्थेत राहिला नाही की ते गळून पडतं, आणि नेमकी तेव्हाच त्याची गरज असते.

मुलं असतील किंवा व्हायची असतील तर

इथे कायदा त्यामानाने दयाळू आहे. जन्मनोंदीसाठी वडिलांचं नाव सक्तीचं नाही. अविवाहित आईच्या प्रतिज्ञापत्रावर दाखला मिळायला हवा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा आदेश आहे. आईचं पालकत्वही पहिलं. पण वडील सोबत असतील आणि तयार असतील तर दाखल्यात त्यांचं नाव पहिल्याच दिवशी घाला, पुढे पोटगी आणि वारसा दोन्ही त्यावर टेकतात. मुलाची पोटगी लग्नावर अवलंबून नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये अनौरस मुलाचाही तितकाच हक्क आहे. आई-वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत अशा मुलांना वाटा मिळाल्याची उदाहरणं आहेत, मात्र लिव्ह-इनमधल्या मुलांना वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत हक्क नाही असं २०१० चा निकाल सांगतो. मृत्युपत्रात मुलांची नावंही घालाच.

गर्भपाताबाबत सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरते, आणि नियमात बसणाऱ्या कारणांसाठीची २४ आठवड्यांपर्यंतची मुदत अविवाहित स्त्रीलाही लागू आहे, असं सप्टेंबर २०२२ चा निकाल सांगतो. दत्तक मात्र जोडीने घेता येत नाही, त्यासाठी दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक नातं लागतं. एकट्याने अर्ज करता येतो, पण एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही. सरोगसीचा मार्गही अविवाहित जोडप्यांना बंद आहे.

राज्य किंवा देश बदलला तर

नोकरीसाठी डेहराडूनला गेलात तर नियम बदलतात. उत्तराखंडात २७ जानेवारी २०२५ पासून समान नागरी संहिता लागू आहे. तिथे लिव्ह-इन नातं एका महिन्यात नोंदवावं लागतं, न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. महाराष्ट्रात अशी नोंदणी नाही.

परदेशातल्या मराठी मंडळींना "कॉमन लॉ" लग्न, म्हणजे विधी-नोंदणीशिवाय मानलं जाणारं लग्न, या शब्दाने चकवा बसतो. इंग्लंडमध्ये कितीही वर्षं राहिलात तरी तसं लग्न होत नाही, १७५३ च्या कायद्याने ते संपलं. अमेरिकेत टेक्सास, कोलोरॅडो, आयोवा अशा थोड्याच राज्यांत ते आहे. तिथेही "सात वर्षं" वगैरे अट नाही : आपण विवाहित आहोत हे दोघांनी ठरवलेलं असावं, एकत्र राहावं आणि लोकांत तसं सांगावं. एकदा ते लग्न ठरलं की मोडायला रीतसर घटस्फोट लागतो. अमेरिकेत नोकरीला गेलेल्याच्या कुटुंबासाठी असलेला एच-४ व्हिसा लग्नाविना जोडीदाराला मिळत नाही. कॅनडात सलग १२ महिने एकत्र राहिलात तर इमिग्रेशनसाठी कॉमन-लॉ पार्टनर म्हणून अर्ज करता येतो. तिथे पुण्यातल्या त्याच लिव्ह अँड लायसन्स करारावरची दोन नावं कामाला येतात.

बिघडलं तर काय करायचं, क्रमाने

मारहाण होत असेल तर आधी जीव. ११२ वर पोलीस, १८१ वर महिला हेल्पलाइन. जखमांचे फोटो काढा, सरकारी दवाखान्यात तपासून केसपेपर घ्या आणि डॉक्टरांना मारहाण कुणी केली ते नावासकट सांगा, म्हणजे ते लिहिलं जाईल.

त्यानंतर संरक्षण अधिकाऱ्याकडे जा, तो महिला व बालविकास विभागाचा असतो. तो घरगुती घटनेचा अहवाल भरतो आणि न्यायदंडाधिकाऱ्याकडे घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम १२ चा अर्ज जातो. थेट वकिलामार्फतही करता येतो. तुम्ही सध्या जिथे राहता, माहेरी किंवा मैत्रिणीकडे तात्पुरतं असलात तरी, तिथल्या न्यायालयात अर्ज चालतो. मागण्या एकाच अर्जात लिहा : पुन्हा हिंसा न करण्याचा आदेश, त्याच घरात राहण्याचा किंवा दुसऱ्या घराच्या भाड्याचा आदेश, खर्चाचे पैसे, मुलांचा ताबा, नुकसानभरपाई, आणि तातडीचा अंतरिम आदेश. अंतरिम आदेश मागायला विसरू नका, कारण कायद्यात साठ दिवसांत निकाल द्यावा असं लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात खूप जास्त वेळ लागतो. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद आहे. घर त्याच्या नावावर असलं तरी राहण्याचा आदेश मिळू शकतो. मालकी त्याने मिळत नाही, डोक्यावरचं छप्पर मिळतं.

पोटगीसाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ चाही रस्ता आहे, पण तिथे "पत्नी" हा शब्द आहे. लिव्ह-इनमधल्या स्त्रीला त्यात घ्यावं असं फौजदारी न्यायव्यवस्थेच्या सुधारणेसाठी नेमलेल्या मलिमठ समितीने २००३ मध्ये सुचवलं, महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २००८ मध्ये तशा दुरुस्तीला मान्यताही दिली, तरी कायद्यात तो बदल झाला नाही. याची मला मनापासून खंत आहे. म्हणून पहिल्या खणातल्या बायकांनी मुख्य भर घरगुती हिंसाचार कायद्यावर द्यावा. त्यात पैसे अडवून धरणं, पगार काढून घेणं हीसुद्धा हिंसाच आहे.

पुरुषाला या कायद्याखाली अर्ज करता येत नाही. त्याच्याजवळ करार, बँकेचे कागद आणि दिवाणी न्यायालय आहे. पुरुष विचारायला येतात ते बहुधा दुसऱ्या धास्तीने : नातं तुटल्यावर भारतीय न्याय संहितेचं कलम ६९ लागेल का? लग्नाचं वचन पाळायचं मनातच नसताना ते देऊन संबंध ठेवले तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सुरुवातीला खरं असलेलं वचन पुढे परिस्थितीमुळे मोडणं यात बसत नाही, असं न्यायालयांनी अनेकदा सांगितलं आहे. लग्न करायचं नसेल तर ते पहिल्या महिन्यातच स्पष्ट शब्दांत, शक्यतो लिहून सांगा. तिच्याशी प्रामाणिक राहण्याचा तोच मार्ग आहे.

घरच्यांकडून धमक्या येत असतील तर सज्ञान असल्याचे पुरावे, म्हणजे जन्मदाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, सोबत घेऊन पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालाने अशा जोडप्यांना संरक्षण आणि सुरक्षित निवारा देण्याची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर टाकली आहे. पोलिसांनी घेतलं नाही तर उच्च न्यायालयात रिट याचिका.

आणि वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं, फोन १५१००. जाताना ती क्लिपची फाइल सोबत न्या, आणि भाडेकरार सगळ्यात वर ठेवा.